जुन्नरचे ‘गत’ यवन

आडनांवाचा अभिमान ही आपल्याकडे तितकीशी जुनी गोष्ट नाहीं. परंतु ती मुरली आहे मात्र खोल. नव्या गृहस्थाची गांठ पडली, कीं नुसत्या नांवानें आपलें समाधान होत नाहीं. आडनांव काय, गांव कोणतें, मूळचे कोठले, अशी प्रश्नांची उतरंड लागते. आणि आडनांव दुर्मिळ निघालें तर त्या गृहस्थाच्या मुद्रेवर एक प्रकारचें तेज चढतें. कुलवृत्तांत छापण्याची प्रथा गेल्या शतकांत आपल्या समाजांत रूढ झाली. तिनें पुष्कळ उपयुक्त माहिती जमा करून ठेविली, याबद्दल वाद नाहीं. परंतु या ग्रंथांच्या पहिल्या प्रकरणांत, जेथें मूळ पुरुषाचा शोध चालतो तेथें, केवळ ध्वनिसाम्यावर केवढा भार टाकलेला असतो, हें ज्यांनीं तीं प्रकरणें चाळलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

जुन्नरच्या डोंगरांत असें एक नांव कोरलेलें आहे, कीं ज्याच्यापुढें आजचीं सारीं दुर्मिळ आडनांवें विपुल वाटावींत. तें लावणारीं माणसें दोन. दोघेही बौद्ध संघाचे दाते, दोघेही ‘यवन’, आणि दोघांचेही लेख जुन्नरच्याच लेण्यांतले. तें नांव ‘गत’. १९१२ सालीं स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितानें ‘रॉयल एशियाटिक सोसायटी’च्या नियतकालिकांत एक निबंध लिहून असें प्रतिपादन केलें, कीं हे गत म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून युरोपच्या इतिहासांत गाजलेले ‘गॉथ’ होत. हें खरें असेल तर जर्मानिक कुळांतील एक नांव, त्या कुळाच्या भाषेंत पहिला मोठा ग्रंथ होण्याच्या दीड-दोनशें वर्षें आधीं, शिवनेरीच्या परिसरांत ब्राह्मी अक्षरांनीं कोरलें गेलें असें म्हणावें लागेल. गोष्ट मोठी मोहक आहे. म्हणूनच ती नीट तपासून पाहिली पाहिजे.

कोनो हा कोणी उपटसुंभ लेखक नव्हता. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्यें प्रसिद्ध झाला, तो यानेंच सिद्ध केला होता. पुढें कांहीं काळ तो हिंदुस्थान सरकारचा शिलालेखतज्ज्ञ होता, आणि खरोष्ठी लेखांचा त्यानें १९२९ सालीं काढलेला संग्रह आजही अभ्यासकांच्या हाताशीं असतो. आपल्या मराठीचीं बोलीरूपें ज्यानें इतक्या बारकाईनें लाविलीं, त्याला जुन्नरच्या प्राकृतांत एकाएकीं आपल्या उत्तरेकडील भाषाबांधवांचा आवाज ऐकूं आला, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आधीं स्थळाचा विचार करूं. जुन्नर आज तालुक्याचें गांव आहे; द्राक्षें, भाजीपाला आणि शिवजन्माची पुण्याई यांवर त्याची प्रसिद्धी आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वीं तें सह्याद्रीच्या माथ्यावरील एक मोठें व्यापारी नाकें होतें. कोंकणांतून नाणेघाट चढून आलें, कीं कुकडीच्या खोऱ्यांत पहिलें मोठें नगर लागे तें हेंच. घाटाखालीं कल्याण आणि सोपारा हीं बंदरें. घाटावरून वाट पैठणकडे जाई. ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक खलाशी-पुस्तकांत या दोन्ही बंदरांचा आणि पैठण व तेर या बाजारपेठांचा उल्लेख आहे. माल चढला, पैसा आला, आणि पैशाबरोबर दानधर्मही आला. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा अशा गांवाभोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेंच्या आसपास लेणीं खोदलेलीं आहेत. एकाच गांवाच्या परिसरांत लेण्यांची एवढी दाटी हिंदुस्थानांत क्वचितच आढळेल. अजिंठ्याचीं चित्रें येथें नाहींत, कार्ल्याचा भव्य सभामंडपही नाहीं. म्हणून प्रवासी लेण्याद्रीच्या गणपतीचें दर्शन घेऊन परततो. परंतु ज्याला माणसांच्या नांवांत गोडी आहे, त्यानें येथें चार दिवस काढावेत.

कारण येथले लेख राजांचे थोडे आणि सामान्यांचे फार. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टांकें दिलें. बांबूचें काम करणारे आणि कांसार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनें-नाणें पाहणाऱ्या सराफाचा, पुत्र सुलसदत्त यानें करविलें. मानमोडीच्या डोंगरांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें एक टांकें व एक मंडप दिला. त्या लेखांत ४६ हें वर्ष आहे, आणि तें शकाचें मानलें तर इसवी सन १२४ येतो. हा अयम आपलें गोत्र ‘वत्स’ असें सांगतो. नांव ऐकावें तर परकें वाटतें, गोत्र पाहावें तर अस्सल वैदिक! अशा जोडण्या त्या काळीं घडत होत्या, एवढें येथें ध्यानांत घेऊन पुढें जाऊं.

आतां ते दोन लेख. कर्नल साइक्स यानें जुन्नरच्या लेखांच्या नकला १८३७ च्या सुमारास विलायतेस प्रसिद्ध केल्या, तेव्हां प्रिन्सेपनें ब्राह्मी लिपी नुकतीच उलगडत आणली होती. विश्वसनीय वाचन मिळालें तें १८८१ सालीं, बर्जेस आणि आपले पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या लेणीलेखांच्या पुस्तकांत. पहिला लेख असा: ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो’. गतांपैकीं यवन इरिल याचें धर्मदान, दोन टांकीं. दुसरा: ‘यवनस चिटस गतानं भोजनमटपो देयधम सघे’. गतांपैकीं यवन चिट याचें संघाला धर्मदान, भोजनमंडप. बस्स, एवढेंच. बापाचें नांव नाहीं, धंदा नाहीं, गांव नाहीं, राजा नाहीं, वर्ष नाहीं. अक्षरांच्या वळणावरून लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतले मानितात.

पहिल्या लेखांतील ‘बे’ या शब्दापाशीं मराठी वाचक क्षणभर थबकल्याशिवाय राहणार नाहीं. ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणत ज्या पिढ्या वाढल्या, त्यांच्या पाढ्यांतील तो ‘बे’ येथें एका यवनाच्या दानलेखांत उभा आहे. व्यवहारांत आपण ‘दोन’ म्हणूं लागलों. ‘बे’ पाढ्यांत उरला. इरिल कोठलाही असो, त्याचा लेख लिहिणारा मनुष्य आपल्याच भाषेच्या पूर्वजांपैकीं कोणतें तरी बोलणें बोलत होता.

‘यवन’ हा शब्दही थोडा सोडवून घेतला पाहिजे. बखरी वाचून वाढलेल्या आपल्या कानाला यवन म्हटलें कीं मुसलमान असा अर्थ लागतो. पण तो फार नंतरचा. मूळ शब्द ‘आयोनिया’ या ग्रीक प्रांताच्या नांवावरून इराण्यांच्या द्वारा इकडे आला, आणि प्रथम तो ग्रीकांनाच लागत असे. पुढें पश्चिमेकडून समुद्रमार्गानें येणारा कोणीही यवन झाला. मग तो अलेक्झांड्रियाचा ग्रीक असो, सीरियाचा व्यापारी असो, कीं रोमन साम्राज्याच्या दुसऱ्या कोण्या कोपऱ्यांतला असो. आपल्या आजोबांच्या पिढीला फ्रेंच, पोर्तुगीज आणि इंग्रज हे सगळे ‘साहेब’च असत, तसाच हा प्रकार. तेव्हां यवन म्हटल्यानें गॉथ वगळला जात नाहीं, आणि सिद्धही होत नाहीं.

गॉथांची हकीकत वाचकांना ठाऊक असेलच. तरी थोडक्यांत सांगतों. हे लोक आजच्या जर्मनांचे थेट पूर्वज नव्हत. पण त्यांची भाषा जर्मन, डच, इंग्रजी यांच्याच कुळांतली. टॅसिटसनें इसवी सन ९८ च्या सुमारास लिहिलेल्या जर्मानियाच्या वर्णनांत ते ‘गोटोनेस’ म्हणून येतात. त्याच्या आधीं प्लिनीनें ‘गुटोनेस’ असें लिहिलें आहे. त्या वेळीं त्यांची वस्ती विस्तुला नदीच्या मुखाकडे, बाल्टिक समुद्राच्या बाजूस होती. तिसऱ्या शतकांत ते काळ्या समुद्राकडे सरकले, २५१ मध्यें त्यांनीं रोमन सम्राट डेशियसला रणांत मारलें, आणि पुढच्या दोनशें वर्षांत साम्राज्याच्या पश्चिमार्धाची जी वाताहत झाली, तींत त्यांचा वाटा मोठा होता. चौथ्या शतकांत वुल्फिला नांवाच्या बिशपानें बायबल त्यांच्या भाषेंत उतरविलें. त्याची चांदीच्या शाईनें लिहिलेली एक जुनी पोथी आज स्वीडनमध्यें उप्सालाला आहे.

कोनोच्या मतास आधार कोणता? मुख्य आधार नांवांचा. ‘इरिल’ हें नांव ग्रीक नाहीं, आणि संस्कृतांत त्याची उघड व्युत्पत्ती लागत नाहीं. उलट जर्मानिक भाषांच्या अभ्यासकाच्या कानाला तें घरचें वाटतें. वुल्फिला, टोटिला अशीं गॉथांचीं नांवें प्रसिद्ध आहेत. त्यांतील ‘इला’ हा लघुत्वाचा किंवा लाडाचा प्रत्यय आहे. उत्तर युरोपांतील जुन्या रूनलिपीच्या लेखांत ‘एरिलाझ’ असा शब्द वारंवार येतो. लिहिणारा आपणांस त्या शब्दानें संबोधतो. इंग्रजींतील ‘अर्ल’ हा शब्द त्याच्याशीं संबद्ध असावा, असें पुष्कळ मानितात. तेव्हां इरिल हा एरिलाझ आणि गत हे गॉथ, अशी जोडी जुळली.

शिवाय गॉथ मनुष्य इतक्या दूर येणें अशक्य होतें असेंही नाहीं. दक्षिण सीरियांतील हौरान भागांत २०८ सालचा एक ग्रीक लेख सांपडला आहे. रोमन सैन्यांतील परकीय तुकडीचा अधिकारी एर्मिनारियस याच्या ‘गुत्था’ नांवाच्या पुत्राचें तें स्मारक आहे. बापाचें नांव जर्मानिक आणि मुलाचें तर सरळ ‘गॉथ’ असेंच! म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभीं कांहीं गॉथ अरबस्तानाच्या सीमेवर रोमची चाकरी करीत होते. तेथून तांबड्या समुद्रावर आणि तांबड्या समुद्रावरून मोसमी वाऱ्यानें सोपाऱ्याला येणें, हा त्या काळचा चांगला वहिवाटलेला रस्ता होता.

येथपर्यंत आलों म्हणजे कोणासही वाटेल, कीं निकाल कोनोच्या बाजूनें लागला. परंतु मला तो पटत नाहीं. आणि न पटण्याचीं कारणें गुत्थाच्याच स्मारकांत आहेत. त्या ग्रीक पाथरवटानें परक्या नांवांतला ‘उ’ जपला. प्लिनी, टॅसिटस, टॉलेमी यांनीं ऐकीव नांव लिहितांना ‘गु’, ‘गो’ किंवा ‘ग्यु’ लिहिलें. ‘ग’ कोणींच लिहिला नाहीं. ब्राह्मी लिपींत उकार काढणें म्हणजे अक्षराच्या पायाशीं एक रेघ ओढणें. ‘गुत’ किंवा ‘गोत’ लिहिण्यास जुन्नरच्या लेखकाला कसलीही अडचण नव्हती. स्कँडिनेव्हियांतील ‘गाउट’ लोक आणावेत तर प्राकृतांत ‘औ’चा ‘ओ’ होतो, म्हणजे पुन्हां ‘गोत’च व्हावयास पाहिजे. दोन निरनिराळ्या लेखांत, बहुधा दोन निरनिराळ्या हातांनीं, ‘गत’ असेंच कोरलें आहे; तेव्हां हातचूक म्हणूनही सुटका नाहीं. दुसरें कारण काळाचें. लेख दुसऱ्या शतकाच्या पुढें सहसा ओढतां येत नाहींत, आणि त्या वेळीं गॉथ अजून बाल्टिककडे किंवा तेथून निघण्याच्या तयारींत होते. गुत्थाचा बाप त्यानंतर दोन-तीन पिढ्यांनीं आला.

राहतां राहिला ‘इरिल’. पण ‘इल’ हा प्रत्यय गॉथांच्या मालकीचा नाहीं. पाणिनीनें पांचव्या अध्यायांत सांगितलें आहे, कीं अनेक अक्षरांचें माणसाचें नांव लाडानें किंवा सहानुभूतीनें लहान करतांना ‘इल’ प्रत्यय लागतो. देवदत्ताचा ‘देविल’ होतो, यज्ञदत्ताचा ‘यज्ञिल’ होतो. वुल्फिला आणि देविल यांचा प्रत्यय असा एकसारखा दिसावा, हें दोन्ही भाषांच्या दूरच्या नात्याला शोभेसेंच आहे. परंतु त्यामुळेंच ‘इला’ ऐकतांच गॉथ ओळखला असें म्हणतां येत नाहीं. इरिल हा एखाद्या लांबलचक परक्या नांवाचा आपल्याकडील शेजाऱ्यांनीं केलेला संक्षेप असूं शकेल. जॉर्जचा ‘जोरू’ व विल्यमचा ‘विल्या’ करणारी आपली जीभ त्या काळीं वेगळी असेल असें कां मानावें?

मग ‘गत’ म्हणजे कोण? बर्जेस व भगवानलाल यांनीं ‘गर्त’ हें संस्कृत रूप सुचविलें होतें. त्रिगर्त हा जालंधर-कांगड्याकडील प्रदेश महाभारतापासून प्रसिद्ध आहे, आणि वायव्येकडे यवनांची सत्ता व वस्ती होती, हेंही खरें. भूगोलाच्या दृष्टीनें हें मत सोयीचें आहे. ब्राह्मी प्राकृतांत जोडाक्षराचें द्वित्व लिहीत नसत, म्हणून ‘गत’ हें ‘गत्त’ असें वाचण्यासही हरकत नाहीं. परंतु प्राकृत वैयाकरणांनीं ‘गर्त’ शब्दासाठीं मुद्दाम वेगळा नियम सांगितला आहे. हेमचंद्राच्या मतें त्याचा ‘गड्ड’ होतो, ‘गत्त’ नव्हे. हिंदींतील ‘गड्ढा’ त्याचीच साक्ष देतो. हेमचंद्र जुन्नरच्या लेखांनंतर हजार वर्षांनीं झाला, तेव्हां हा आक्षेप निर्णायक नाहीं. पण गर्ताची बाजूही तितकी भक्कम उरत नाहीं. मराठी वाचकाच्या मनांत प्रथम येणारा अर्थ, गत म्हणजे गेलेला, कैलासवासी, तो तर येथें बसतच नाहीं. दाता हयात होता म्हणूनच त्याचें दान आहे, आणि मृताच्या पुण्यासाठीं दान असतें तर तसें लिहिलें असतें.

व्युत्पत्तीच्या मागें लागलेल्या माणसाला शेवटीं गोते खावे लागतात, हें आपल्या भाषेनेंच सांगून ठेविलें आहे. ‘गोते’ आडनांवाच्या एखाद्या उत्साही गृहस्थानें कोनोचा निबंध वाचून आपला वंश गॉथांपर्यंत नेला नाहीं, हें नशीब! जर्मनीच्या सर्वश्रेष्ठ कवीसही या खेळांतून सुटका मिळाली नाहीं. गटे तरुण असतां त्याचा मित्र हर्डर यानें त्याच्या आडनांवावर कोटी केली, कीं हें नांव देवांवरून आलें, गॉथांवरून आलें, कीं चिखलावरून? मोठेपणीं आत्मचरित्र लिहितांनाही गटे ती कोटी विसरला नव्हता. खरें पाहतां त्याचें आडनांव बहुधा गॉटफ्रीडसारख्या एखाद्या व्यक्तिनांवाचें आंखूड केलेलें रूप आहे. म्हणजे गॉथ, चिखल यांपैकीं एकही नाहीं.

म्हणून मला वाटतें, ‘गत’ कोण हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, ‘गतानं’ असें त्या दोघांनीं कोरविलें कां, हें पाहणें अधिक फलदायी आहे. आणि त्यासाठीं जुन्नरपासून फार दूर जावें लागत नाहीं. दक्षिणेस लागून असलेल्या आंबेगांव तालुक्यांत गेलें तरी पुरे. घोड नदीचें हें खोरें, जुन्या मावळांच्या भाषेंत घोडनेर. तालुक्याचें नांव आंबेगांव, पण कचेरी घोडेगांवास. आणि ज्या गांवावरून तालुक्याला नांव पडलें तें जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. आतां ‘आंबेगांवकर’ हें आडनांव घ्या. आंबेगांव नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक असल्यामुळें तें लावणारे सगळे याच आंबेगांवचे असें नव्हे. पण जे येथले, ते जोंवर आंबेगांवांत होते तोंवर त्यांना कोणीं आंबेगांवकर म्हटलें नसेल. गांवांत सगळेच आंबेगांवचे. तेथें तें नांव सांगून कोण कोणापासून वेगळा होणार? ओतूरकर ओतुरांत फार आढळणार नाहीं, मंचरकर मंचरांत नाहीं. मनुष्य पुण्यास, सातारला, बडोद्यास गेला, कीं तेथले लोक त्याला त्याच्या गांवाचें नांव चिकटवितात. नारायणगांवचा तमाशा गांवोगांव गाजला, आणि विठाबाई ‘नारायणगांवकर’ म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या. ‘कर’ हा प्रत्यय वस्तुतः वियोगाचा प्रत्यय आहे. आणि गांव पाण्याखालीं गेलें तरी तो तसाच राहतो.

गांवाचें जें, तेंच प्रांताचें व जातिसमूहाचें. आपल्यांतील ‘तेलंग’, ‘कानडे’, ‘द्रविड’ हीं आडनांवें तेलंगणांत किंवा कर्नाटकांत जन्मलीं नाहींत. तीं तिकडून आलेल्या घराण्यांना इकडे मिळालीं. गीतेचें इंग्रजी भाषांतर करणारे न्यायमूर्ति काशीनाथ त्र्यंबक तेलंग किती मराठी होते, हें सांगावयास पाहिजे काय? युरोपांतही हाच न्याय. अ‍ॅस्पिरिनमुळें घरोघरीं माहीत झालेलें ‘बायर’ हें नांव म्हणजे बव्हेरियाचा माणूस. ‘हेस’ म्हणजे हेसेन प्रांताचा. ‘श्वाब’ म्हणजे स्वाबियाचा. हंगेरींत तर ‘नेमेत’ म्हणजे जर्मन आणि ‘होरवाथ’ म्हणजे क्रोएशियन, हीं अगदीं वारंवार आढळणारीं आडनांवें आहेत. जर्मनींत सगळेच जर्मन असल्यामुळें ‘जर्मन’ या नांवानें कोणाची ओळख पटत नाहीं. हंगेरींत ती पटते.

हा न्याय लावून पाहिला म्हणजे ‘गतानं’ या षष्ठीच्या अनेकवचनाचा अर्थ उमगूं लागतो. जुन्नरमधील इतर दात्यांना आपली ओळख देण्यास अनेक साधनें होतीं. सुलसदत्ताजवळ बाप आणि गांव होतें, धान्यवाल्यांजवळ श्रेणी होती, अयमाजवळ गोत्र आणि धनी दोन्ही होते. इरिल आणि चिट यांच्या बापांना जुन्नरांत कोण ओळखणार? त्यांचें गांव सांगितलें तरी वाचणाऱ्या भिक्षूला त्याचा काय बोध होणार? ‘यवन’ एवढें म्हणणें पुरेसें नव्हतें, कारण जुन्नरांत दुसरेही यवन होते. म्हणून यवनांतले कोणते, तर गतांपैकीं, असें सांगावें लागलें. स्वतःच्या देशांत, तो देश कोठलाही असो, त्यांतील एकानेंही आपणांस ‘गतांचा’ म्हणविलें नसतें. हें नांव जुन्नरलाच सांपडतें याचें नवल करण्याचें कारण नाहीं. तें जुन्नरच्या गरजेंतून जन्मलें.

तें पुढें चाललें कां नाहीं, याचें उत्तरही लेण्यांतच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील खांबांवर धेनुकाकट या गांवच्या यवनांचीं दानें कोरलेलीं आहेत. त्या यवनांचीं नांवें सिंहध्वज, यशोवर्धन, धर्म अशा अर्थाचीं. नाशकास उत्तरेकडून आलेल्या धर्मदेव नांवाच्या योनकाच्या पुत्रानें लेणें खोदविलें. पुत्राचें नांव इंद्राग्निदत्त. वायव्येकडील दत्तामित्री नगरी सोडली तर त्या नांवांत परकेपणाचा मागमूस नाहीं. हे मुळांत हिंदी लोकच असून ग्रीक नगरीचे नागरिक म्हणून यवन म्हणवीत, असें टार्न यानें १९३८ मध्यें मांडलें. मला त्यापेक्षां साधी गोष्ट अधिक संभवनीय वाटते: बाप परक्या नांवाचा, मुलाचें नांव इकडचें, आणि नातवाला ‘यवन’ हा शब्दही नकोसा. त्याच सुमारास गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईनें नाशिकच्या लेखांत आपल्या पुत्राचा शक, यवन व पल्हव यांचा संहारक म्हणून गौरव केला. राजप्रशस्तींत संहार चालू होता आणि डोंगरांत यवन टांकीं खोदून देत होते. ज्यांच्या अंगावर ही प्रशस्ति आली, त्यांच्या मुलांनीं निरुपद्रवी नांवें धारण केलीं असल्यास त्यांस दोष देतां येणार नाहीं.

नांव बदलणें हें दर वेळीं भीतीचेंच लक्षण असतें असेंही नाहीं. ज्या संघाला टांकीं दिलीं, त्याच्या सावलींत मुलें वाढलीं. ‘धर्म’ किंवा ‘बुद्ध’ हा घटक नांवांत येणें स्वाभाविकच होतें. इरिल आणि चिट यांना मुलें होतीं कीं नव्हतीं हें लेख सांगत नाहीं; ते दोघे भाऊ होते, बापलेक होते, कीं एका तांड्यांतले दोन व्यापारी, तेंही नाहीं. परंतु त्यांच्या दानांची निवड पाहण्यासारखी आहे. एकानें पाणी दिलें, दुसऱ्यानें जेवणाची जागा. परक्या देशीं घाट चढून आलेल्या माणसाला ज्या दोन गोष्टींची पहिली गरज लागते, त्याच.

जुन्नरला आणखी एका यवनाचा लेख आहे. मानमोडीच्या डोंगरांत एक अपुरें राहिलेलें चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी कमानीचें कोरीवकाम जुन्नरच्या लेण्यांतील उत्तमांपैकीं. मधोमध कमळांत उभी लक्ष्मी, बाजूंस हत्ती. त्या कमानीच्या आंत एक ओळ आहे: ‘यवनस चंदानं देयधम गभदार’. यवन चंद याचें धर्मदान, गर्भद्वार. येथें ‘चंदानं’ हें अनेकवचन आदरार्थी आहे. आपण ‘चंदरावांचें’ म्हणूं तसें. नांव इकडचें, आदर इकडचा, दान टांक्याहून आणि भोजनमंडपाहून कितीतरी खर्चाचें, आणि तेंही लक्ष्मीच्या मूर्तीसह. ‘यवन’ हा शब्द तेवढा त्यानें राहूं दिला. तो गतांपैकीं होता कीं आणखी कोणांपैकीं, हें त्यानें कोरविलें नाहीं.